घरी शेळी आणायची आहे, विकायला नाही, पाळायला. काय तयारी करू?

कातळावरचं_घर
नमस्कार मंडळी,
लांजा तालुक्यात आमची दीडेक एकर जागा आहे, निम्मा कातळ निम्मी माती, हापूस आणि काजूची कलमं, थोडी पोफळ, विहीर आणि मागच्या अंगाला सासऱ्यांच्या वेळचा गोठा जो आता रिकामाच पडून आहे. डोंबिवलीहून इथे कायमचं राहायला आलो, आता इथला दुसरा पावसाळा येईल. घरात मी, नवरा, सासूबाई आणि मुलगी, ती चौथीत आहे. मुलीला शेळी हवी आहे आणि मलाही हवी आहे. धंदा करायचा नाहीये. शेळीपालनाचे प्रोजेक्ट रिपोर्ट ढीगभर मिळाले पण त्यात सगळं वजन, दर आणि नफा. मला ती घरची म्हणून हवी, म्हातारी होईपर्यंत आमच्याकडेच राहील अशी. दूध मिळालं तर छान, नाही मिळालं तरी हरकत नाही, लेंडीखत कलमांना होईलच.

तर जात कुठली घ्यावी, कुठून घ्यावी, पावसात काय करायचं (आमच्याकडे जून ते सप्टेंबर नुसता धो धो) आणि कलमं कशी वाचवायची? गावातले एक जण महिन्याभराचं करडू द्यायला तयार आहेत, बाटलीने दूध पाजा म्हणजे लळा लागेल म्हणतात. घेऊ का?

माणदेशी_माळ
ताई, पहिली गोष्ट, एक शेळी आणू नका. दोन आणा. एवढं एकच ऐकलंत तरी बाकी सगळं पुढे निभावून जाईल.

आमच्या घरात तीन पिढ्या शेरडं आहेत म्हणून सांगतो, शेळी हे कळपातलं जनावर, एकटी ठेवली की ती ओरडते, आणि ओरडणं म्हणजे थोडंथोडकं नाही, माणूस नजरेआड झालं की सुरू, रात्री गोठ्यात बंद केली की सुरू, चारा टाकला तरी तोंड वर करून बघत राहते. काही एकट्या शेळ्या चारा अर्ध्यावर आणतात आणि झडायला लागतात. तुम्ही कितीही माया लावा, तुम्ही दिवसभर तिच्याबरोबर रवंथ करत बसणार नाही, ते दुसऱ्या शेळीनंच करावं लागतं. आणि दोघी घ्यायच्या तर एकाच घरातल्या, आधीपासून एकत्र वाढलेल्या घ्या. आई आणि तिची पाट, म्हणजे मादी करडू, मिळाली तर सोन्याहून पिवळं. अनोळखी दोघी आणल्या तर पहिले काही दिवस टकरा होतात, थोर कोण धाकटी कोण ते ठरेपर्यंत.

कातळावरचं_घर
दादा मनापासून आभार. दोनचा विचारच नव्हता केला. गाय आहे की शेजारी, म्हशीही आहेत जवळ, त्यांची सोबत नाही का चालत?

माणदेशी_माळ
काहीच नसण्यापेक्षा बरी. पण शेळीला शेळीच लागते.

पशुवैद्य_निवृत्त
वरचा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. मी बाटलीवरच्या करडाबद्दल लिहितो कारण त्यात घाई झाली की करडू हातचं जातं.

करडाला जन्मल्यावर पहिल्या तासाभरात आईचा चीक मिळाला होता का, ते त्या गृहस्थांना आधी विचारा. चीक न मिळालेलं करडू पुढे प्रत्येक आजाराला बळी पडतं. दुसरं, करडाने किमान अडीच-तीन महिने आईपाशी राहायला हवं, तोवर ते पाला खायला शिकतं, काय खायचं नाही तेही आईकडे बघूनच शिकतं. महिन्याचं करडू तोडून आणलं तर लळा लागेल हे खरं, पण पोट तयार झालेलं नसतं, हगवण लागते, सर्दीचा न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही, त्यात कोकणातला पाऊस तोंडावर.

आणि ते नर असेल तर अजिबात नको. बाटलीवर वाढलेला बोकड माणसालाच आपला कळप समजतो. लहानपणी मूल त्याच्या कपाळाला हात लावून ढकलतं, तोही ढकलतो, सगळे कौतुक करतात, आणि दीड वर्षाचा झाला की तोच तीस-चाळीस किलोचा बोकड त्याच मुलीला धडक देतो. यात त्याचा दोष नाही, त्याला तसंच शिकवलेलं असतं. करडाच्या कपाळाशी खेळू नये हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

लातूरची_लेक
जातीचं मी सांगते. उस्मानाबादी घ्या!! काळीभोर, चमकदार, शहाणी जात. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं पण शेळीला आम्ही अजून उस्मानाबादीच म्हणतो. जुळी देणं तर हिचं नेहमीचं, दूधही घरापुरतं देते, आणि काटक इतकी की उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगांवर आणि बोरीच्या पाल्यावर निघते. माझ्या आजीच्या दोघी होत्या, हाक मारली की बांधावरून धावत यायच्या.

कुडाळचो_झील
ताई (लातूरची_लेक), तुमची शेळी चांगलीच आहे, वाद नाही, पण ती कमी पावसाच्या मुलखातली. आमच्याकडे साडेतीन हजार मिलिमीटर पडतो, तेव्हा तिला चार महिने ओल्या हवेत उभं करणं हे तिच्यावर अन्याय करण्यासारखं आहे.

कातळावरच्या ताईंनी कोकण कन्याळ बघावी. सिंधुदुर्गातली जात आहे, अंग काळं, तोंडावर पांढरे पट्टे, कानांच्या कडा पांढऱ्या, पाय उंच. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केलंय आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे ती जात म्हणून नोंदलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या याच पावसात वाढलेली. तुमच्यापासून कुडाळ काही लांब नाही, सकाळी निघालात तर दुपारच्या आत घरी. दूध फार नाही, अर्धा ते एक लिटर धरा.

आणि कोणी जमनापारी, बीटल, सिरोही गळ्यात मारायला बघेल, उंच, लांब कानांच्या, फोटोत फार देखण्या दिसतात. उत्तरेतल्या कोरड्या हवेतल्या आहेत त्या, पाळीव म्हणून पहिल्यांदाच शेळी आणणाऱ्याने आपल्या पावसात तो खटाटोप करू नये असं माझं ठाम मत.

लातूरची_लेक
पटलं. पाऊस किती ते माझ्या लक्षात आलं नाही, आमच्याकडे त्याच्या चौथाई पडला तरी आम्ही देवाला नारळ फोडतो. पण मग जात बघण्याआधी दात बघा हे तरी माझं ऐका :) खालच्या जबड्यात पुढचे दोन मोठे दात आले असतील तर साधारण सव्वा-दीड वर्षाची, चार म्हणजे दोन वर्षांच्या आसपास, सहा म्हणजे तिच्या पुढची. पाळायला दोन दाती बरी, आजार-बिजारातून तावून सुलाखून निघालेली असते आणि तुमच्याकडे रुळायचं वयही असतं. आणि शेपटीखाली बघा, केस हगवणीने चिकटलेले नसावेत, कास चाचपा, गाठ नको, चालताना लंगडत नाही ना ते बघा, आणि आठवड्याच्या बाजारातून घेऊ नका.

रविवारचा_शेतकरी
बाजारातून का नको? आमचं मुळशीत फार्महाऊस आहे, मी लोणंद किंवा चाकणच्या बाजारातून आणायचा विचार करत होतो, पाहायला जास्त मिळतात आणि भावही कळतो. शनिवार-रविवार आम्ही असतो, बाकी दिवस वॉचमन आहे.

पशुवैद्य_निवृत्त
धंद्याला पाच-पन्नास घेणारा माणूस बाजार करतो, त्याच्याकडे वेगळं ठेवायला जागा असते, नजर असते. बाजारात शंभर गावची जनावरं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून दिवसभर उभी असतात. पीपीआर हा शेळ्यामेंढ्यांचा साथीचा रोग तिथे पसरतो, त्यात आधी ताप, मग नाका-डोळ्यांतून पाणी, तोंड आलेलं आणि हगवण, लस नसलेल्या करडांत मर फार मोठी असते. मावा हा रोगही तिथूनच येतो, ओठांवर खपल्या धरतात, आणि तो माणसाच्या हातालाही होतो. वरून ठणठणीत दिसलेली शेळी घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी पडते, तेव्हा विकणारा सापडत नाही. ओळखीच्या घरातून घेतलीत तर कुठल्या लसी कधी दिल्या, जंताचं औषध कधी दिलं, आई कशी होती, सगळं विचारता येतं.

तुमच्या फार्महाऊसबद्दल स्पष्ट लिहितो, राग मानू नका. शेळीला रोज सकाळ-संध्याकाळ बघणारा माणूस लागतो. सकाळी पोटफुगी झाली आणि संध्याकाळी लक्षात आलं तर उपयोग नसतो. वॉचमनला शेरडांची माहिती आणि आवड असेल तर आणा, नसेल तर आणू नका.

रविवारचा_शेतकरी
राग नाही डॉक्टर. त्याला आवड नाहीये हे मला माहीत आहे. थांबतो.

कातळावरचं_घर
खूपच माहिती मिळाली. कुडाळकडे एका घरी बोलणं झालंय, कन्याळ आहेत, चार दाती आई आणि तिची वर्षाची पाट. अजून आणलेल्या नाहीत. आधी गोठा नीट करायचा म्हणते. फरशी सिमेंटची आहे, वर पत्रे, तीन बाजूंना चिऱ्याची भिंत आणि एक बाजू मोकळी. आणि कलमांभोवती गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे कमरेएवढा. डॉक्टर, लसींचंही सांगा प्लीज.

कुडाळचो_झील
गडगा म्हणजे शेळीला जिना! त्यावरून ती चढून थेट कलमाच्या फांदीवर. गडग्याच्या वर जाळी मारून एकूण पाच फूट तरी उंची करा, आणि जाळीची भोकं इतकी लहान घ्या की डोकं जाणारच नाही, नाहीतर शिंगं अडकून फास बसतो. नवीन कलमांना तर स्वतंत्र जाळीच लावा. शेळी पानं खाते त्याचं एवढं नाही, पण साल सोलते, आणि खोडाची साल सगळीकडून गोल सोलली की ते कलम गेलंच. अजून एक, कलम बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि सुतळ्या बागेत पडलेल्या असतात त्या सगळ्या वेचून घ्या, शेळ्या ते चघळतात आणि पोटात गोळा होऊन बसतो.

गोठ्यात सिमेंटवर उभ्या ठेवू नका पावसात. माचा करा. जमिनीपासून तीन फूट तरी वर, पोफळीच्या नाहीतर बांबूच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत फट करंगळीएवढी, लेंडी खाली पडेल आणि खूर अडकणार नाही इतकीच. खाली कोरडं, वर शेळ्या कोरड्या, लेंडीखत एका जागी गोळा होतं. चढायला उतार ठेवा. एका शेळीला दहा-बारा चौरस फूट छपराखाली आणि त्याच्या दुप्पट मोकळं धरून चाला.

मोकळी बाजू बंद करा हे सगळ्यात महत्त्वाचं. बिबट्या आहे आपल्याकडे. लोखंडी जाळी, आतून-बाहेरून कडी, आणि भिंत आणि पत्रा यांच्यात जी फट असते तीसुद्धा बंद. तो वरून येतो.

पशुवैद्य_निवृत्त
लसी. पीपीआरची तीन महिन्यांच्या वयानंतर कधीही, एकदा नीट दिली की तीन वर्षं तरी बघायला नको. जगातून हा रोग २०३० पर्यंत हटवायचं ठरलेलं आहे, तेव्हा सरकारी दवाखान्यात ही लस मागताना संकोच करू नका. आंत्रविषाराची पावसाळ्याच्या आधी, म्हणजे मे महिन्यात, आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. घटसर्पाचीही पावसाच्या आधी. लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा. एकाच दिवशी सगळ्या टोचून घेऊ नका, अंतर तुमचे डॉक्टर ठरवतील. शेळी गाभण आहे का ते त्यांना आधी सांगा, जंताच्या काही गोळ्या पहिल्या दीड-दोन महिन्यांच्या गाभण शेळीला चालत नाहीत.

कोकणात शेळीला रोगांपेक्षा जंत जास्त मारतात. ओल्या गवताच्या शेंड्यावर जंताची पिल्लं चढून बसलेली असतात, म्हणून सकाळी दव सुकल्याशिवाय चरायला सोडू नका आणि पावसात शक्यतो पालाच तोडून उंचावर टांगून द्या. फणस, उंबर, शेवरी, हादगा, शेवगा सगळं आवडीने खातात. सुबाभूळ रोजच्या पाल्यात तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको. आणि दर पंधरवड्याला डोळ्याची खालची पापणी उलटून बघायची सवय लावून घ्या. लालबुंद असेल तर बरं, फिकी गुलाबी झाली तर लक्ष ठेवा, पांढरट दिसली तर रक्त पिणारा जंत बसलाय, त्याच दिवशी दवाखाना. ठरावीक महिन्यांनी डोळे झाकून जंताचं औषध पाजण्यापेक्षा लेंडी तपासून द्या, नाहीतर औषधं लागू पडेनाशी होतात. १९६२ हा टोल फ्री नंबर घरात सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे, पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी आहे.

विषारी झाडांत कुंपणाची कण्हेर आधी काढा. एरंड, घाणेरी, बेशरम यांपासूनही लांब. घरी धान्याची पोती उघडी ठेवू नका, शेळीने पोटभर तांदूळ किंवा गहू खाल्ला तर पोटात आम्ल होऊन एका रात्रीत जाते. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, फोन करा.

माणदेशी_माळ
आणायच्या दिवसाचं मी सांगतो. पहाटे निघा, टेम्पोत खाली भाताचं पेंढं अंथरा, वर ताडपत्री, आणि दोघींना गळ्याला आखूड बांधू नका, ब्रेक लागला की फास बसतो. निघण्याआधी पोटभर चारू नका. त्या घरी त्या जे खातात त्याची आठवड्याभराची बेगमी पैसे देऊन बरोबर घ्या आणि तुमचा पाला थोडा थोडा मिसळत जा. घरी आल्यावर आधी पाणी, मग सुका चारा, हिरवं दुसऱ्या दिवशी. पाहुण्यांना बोलावू नका बघायला, पोरांना त्या दिवशी मिठी मारू देऊ नका. तुमची मुलगी जवळ नुसती बसू दे, पुस्तक वाचत. दोन-तीन दिवसांत त्याच येऊन हुंगतील.

कातळावरचं_घर
आल्या!! एप्रिलच्या शेवटी आणल्या, माचा तयार झाल्यावरच. आईचं नाव चांदणी, पाटीचं नाव मुलीने चिंगी ठेवलंय. पहिल्या रात्री दोघी थोड्या ओरडल्या पण एकमेकींना चिकटून बसल्या आणि सकाळी शांत होत्या, दोन आणा म्हणालात त्याचं मोल त्या रात्री कळलं. सासूबाई आधी म्हणत होत्या कशाला हा व्याप, आता त्याच संध्याकाळी फणसाचा पाला घेऊन जातात. लसींचं लांज्याच्या दवाखान्यात सांगून आलोय, वेळापत्रक लिहून दिलंय त्यांनी. कण्हेर काढली.

एक शंका. कालपासून चिंगी सारखी ओरडतेय, शेपटी हलवतेय, खाणं कमी, चांदणीच्या अंगावर चढते, मागे थोडं चिकट दिसतंय. ताप नाही, लेंडी नेहमीसारखी. आजारी आहे का?

लातूरची_लेक
माजावर आलीय हो ती! एक-दोन दिवस चालेल आणि मग शांत. भरवली नाही, म्हणजे बोकडाकडे नेली नाही, तर साधारण एकवीस दिवसांनी पुन्हा. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी घाबरायला होणार नाही. आणि गावात कुणाचा बोकड मोकळा फिरत असेल तर फाटक बंद ठेवा, तो वासाने येतो.

पशुवैद्य_निवृत्त
बरोबर. वय वर्षाचं असलं तरी वजन बघा. वीस-बावीस किलोच्या खाली असेल तर या वेळी भरवू नका, वाढ खुंटते आणि विताना अडते. गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे आता भरवली तर ऐन सप्टेंबर-ऑक्टोबरात, ओलीत, पहिलटकरीण विणार.

कातळावरचं_घर
वजन अठरा भरलं. म्हणजे आता नाहीच.
पण यानिमित्ताने एक प्रश्न जो मला आधीपासून छळतोय तो विचारते. दूध हवं तर शेळी व्यायला हवी, व्यायली की करडं, आणि त्यातली निम्मी बोकड. त्यांचं काय करायचं? मला ते विकायचे नाहीत, कारण कुठे जाणार ते सगळ्यांना माहीत आहे.

माणदेशी_माळ
ताई, आमचं घर त्यावरच चालतं, आणि शेरडांवर आमची माया नाही असं नाही. पण तुमचा प्रश्न खरा आहे आणि तो भरवायच्या आधी विचारलात हे बरं केलंत. तुमच्या जागेत चारपेक्षा जास्त जनावरं झेपणार नाहीत, आणि जुळी झाली तर दोन वर्षांत दहाच्या पुढे जाल. म्हणून एक तर भरवूच नका, दूध नाही एवढंच होईल. नाहीतर ज्याच्याकडे पाट जाईल ते घर आधी ठरवा आणि बोकड झाला तर तो तुम्ही सांभाळणार हे घरात बोलून ठेवा.

पशुवैद्य_निवृत्त
बोकड ठेवायचा तर खच्ची करून घ्यावा लागेल, डॉक्टर चिमट्याने करतात, जखम होत नाही. वास आणि धडका दोन्ही कमी होतात. पण अगदी लहानपणी करू नका, मूत्रमार्ग अरुंद राहतो आणि पुढे मूतखडा अडकतो. अशा बोकडाला भरडा, म्हणजे भरडलेलं धान्य, जवळपास नकोच, पाला आणि भरपूर पाणी, चाटायला खनिज वीट. लघवीला जोर करताना दिसला तर तासाभरातच दवाखाना.

कातळावरचं_घर
घरात बोललो आम्ही रात्री. चिंगीला भरवायचं नाही, निदान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. चांदणीला पुढे एकदा भरवू, बोकड झाला तर तो राहील, पाट झाली तर समोरच्या वाडीतल्या काकूंकडे जाईल, त्यांच्याकडे एकच आहे आणि ती दिवसभर ओरडते. त्यांनाही दोनाचं सांगितलंय. माच्याला अजून एका जनावराची जागा आत्ताच वाढवून घेतोय, पट्ट्या आणल्यात, पाऊस यायच्या आत काम होईल.